रिंकीच्या वाट्याचं वाक्य

निकाल नीतूच्या बाजूनं लागला आणि त्याच दुपारी तिला रिंकीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

गोंदियाच्या बसस्टँडवर ती बापासोबत उभी होती. केशोरीकडची गाडी लागायची होती. ऑटोवाले ओरडून राहिले होते, शेजारच्या हॉटेलात भजी तळून निघत होती, आणि ताराचंद पुस्तोडे आज पहिल्यांदाच मोकळेपणानं कोणाशी तरी भातपिकाच्या गप्पा मारत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात कॉलेजातून मिळालेला कागद होता. पोरगी सुटली होती. तिचं वर्ष वाचलं होतं.

त्या गलक्यात, अगदी कानामागून, कोणीतरी शांतपणे म्हणालं, "वेग मंदावला की नदी आपल्याबरोबर आणलेला गाळ खाली टाकते."

एवढंच. मग आवाज थांबला. संपला म्हणून थांबला नव्हता, वाट पाहत थांबला होता, कारण पुढचं वाक्य नीतूचं होतं.

नीतूनं वळून पाहिलं नाही. मागं कोणी नसणार हे तिला ठाऊक होतं. तिनं बापाचा दंड धरला.

"काय झालं?" ताराचंदनं विचारलं.

"काई नाई. ऊन लागून राहिलं."

रिंकी टेंभरे आणि नीतू गोंदियात एका खोलीत राहायच्या. राईस मिलच्या मागच्या गल्लीतली खोली. वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत कोंड्याची बारीक भुकटी बसायची. नीतू केशोरीच्या कोहळी समाजातली, रिंकी चोरखमाऱ्याच्या बाजूच्या एका गावातल्या पोवार समाजातली. घरी रिंकी पोवारी बोलायची आणि नीतूशी झाडीबोली, तीही मुद्दाम नीतूच्या ढंगानं, तिला चिडवायला. दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासाची त्यांची एक रीत होती. उत्तर दोघींनी मिळून तयार करायचं आणि मग खोलीत फेऱ्या मारत पाठ करायचं, एक वाक्य रिंकीनं म्हणायचं, पुढचं नीतूनं. जी अडखळली तिला दुसरी नुसतं "समोर", म्हणजे पुढं, एवढंच म्हणायची. भाजी चिरताना, नळावर पाणी भरताना, केस विंचरतानाही हे चालायचं. घरमालकीण म्हणायची, या पोरी भांडतात की अभ्यास करतात तेच कळत नाही.

भूगोलाच्या पेपरात नीतू पुढच्या बाकावर होती आणि रिंकी बरोबर तिच्या मागं. नदीच्या निक्षेपण कार्यावर प्रश्न आला. दोघींनी तो लिहिला, जसा पाठ होता तसा. पुस्तकातली उत्तरं तर शेकडो पोरांची सारखी असतात, त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. पण या दोघींच्या उत्तरात एक उदाहरण होतं जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नाला चोरखमाऱ्याच्या तलावाला मिळतो तिथं गाळाचा पंखा कसा पसरतो, ते दोघींनी लिहिलं होतं. होळीच्या सुट्टीत, पाणी उतरलेलं असताना, नीतू रिंकीच्या घरी राहायला गेली होती तेव्हा दोघींनी तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, चालताना ते बनवलं होतं. तपासणाऱ्याला दोन उत्तरपत्रिकांत तेच उदाहरण, त्याच शब्दांत दिसलं. त्यानं लाल पेनानं दोन्हीकडं रेघ मारली. उन्हाळा संपता संपता विद्यापीठाच्या दोन नोटिसा निघाल्या, एक केशोरीला, एक चोरखमाऱ्याकडं. गैरप्रकाराबद्दल खुलासा करावा, अमुक तारखेला समितीपुढं हजर व्हावं.

नोटीस आली त्याच आठवड्यात रिंकी तलावात गेली. पाणी खूप खाली उतरलेलं होतं, पाऊस लांबला होता, सगळीकडं गाळ उघडा पडला होता. त्या गाळाच्या पलीकडं, जिथं पाण्याला एकदम खोली होती, तिथं ती सापडली. पंचनाम्यात पाय घसरून असं लिहिलं गेलं. गाव मात्र दुसरंच बोललं. पोरगीनं कॉपी केली, पकडली गेली, लाजेनं जीव दिला. तिचा बाप जीवनलाल काही बोलला नाही, आणि बापच बोलत नाही म्हटल्यावर लोकांनी ते पक्कं धरलं.

नीतूला मातीला जायचं होतं. ताराचंदनं जाऊ दिलं नाही.

"तिथं गेलो तं आपलंही नाव त्यातच जोडतीन," तो म्हणाला होता. "पयले तुयं निपटू दे."

निपटवायला वकील शोधल्या त्या जमुनाबाई कटरे. गोंदियाच्या कोर्टाजवळ एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. बहुतेक काम बिडी कामगार बायांचं. अधूनमधून कोणी परीक्षेतल्या भानगडीचं पोरगं यायचं. जमुनाबाईंनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि नीतूला विचारलं, "तू तिचं पाहिलं?"

"नाई."

"तिनं तुझं?"

"नाई, मॅडम."

"मग शब्दन् शब्द सारखा कसा?"

नीतूनं सांगितलं. खोलीतल्या फेऱ्या, एकेक वाक्य, तलावाची पाळ. जमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण बेटा, पाठ केलं हे समितीला रोज दहा पोरं सांगतात. आणि तुझ्या बाजूनं बोलणारी जी एक होती ती आता नाही. तुझ्याकडं एकच गोष्ट आहे. तू पुढं बसली होतीस, ती मागं."

"मी तिचं नाव नाई घेनार."

"नको घेऊ. मी एक शब्द खोटा लिहिणार नाही. फक्त कोण कुठं बसलं होतं एवढंच लिहीन. आत वकील चालत नाही, तुला एकटीला जावं लागेल. विचारतील तेवढंच बोल."

नागपुरात विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, लांबलचक टेबलामागं, समितीनं खरंच थोडंच विचारलं. मागच्या बाकावरून पुढचं दिसत होतं का? दिसत असेल, नीतू म्हणाली. अध्यक्ष जरा पुढं झुकले. सावकाश, जवळजवळ मायेनंच त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या मुलीनं तुमचं पाहून लिहिलं असावं, असंच ना?"

नाही म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार हे तिला दिसत होतं: मग तुम्ही तिचं पाहिलं का? दाराबाहेर बाकावर ताराचंद हातात टोपी धरून बसला होता. नीतूनं टेबलाच्या काचेकडं पाहिलं. काचेखाली कुठल्यातरी जुन्या वर्षाचं कॅलेंडर होतं. ती ते पाहत राहिली.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि बाजूच्या माणसानं काहीतरी लिहून घेतलं.

कॉलेजातून मिळालेल्या कागदावर दोन परिच्छेद होते. पहिल्यात नीतू निर्दोष. दुसऱ्यात मागील आसनावरील परीक्षार्थी रिंकी टेंभरे दोषी. सदर विद्यार्थिनी मृत झाल्यामुळे शिक्षेचा प्रश्न उद्भवत नाही.

भुतं रात्री येतात असं नीतू लहानपणापासून ऐकत आली होती. रिंकी रात्री कधीच आली नाही. ती भर दिवसा यायची, माणसांत, आवाजात. केशोरीच्या घरी आई तांदूळ पाखडत असताना सुपाच्या आवाजाआडून यायची. धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भातलावणी, करणाऱ्या बायांचं गाणं चाललेलं असताना, गाण्याच्या मधल्या जागेत यायची. कॉलेज सुरू झाल्यावर वर्गात हजेरी चालू असताना यायची. दर वेळी तेच वाक्य, त्याच थंड सुरात, आणि मग ती वाट पाहणं. आवाजापेक्षा नीतूला ते थांबणंच सोसत नसे. मानेवर कोणाचा तरी श्वास असावा तसं ते असायचं, आणि त्याला ओल्या गाळाचा वास यायचा. पुढचं वाक्य म्हणून टाकलं तर ती जाईल असं वाटायचं. म्हणून टाकलं तर ती कधीच जाणार नाही असंही वाटायचं. नीतू ओठ घट्ट मिटून घ्यायची.

एकदा सुट्टीत घरी स्वयंपाक करता करता तिच्या हातातला पेला पडला. सुशीलाबाईनं चुलीवरून नजर काढून पोरीकडं पाहिलं. आई होती ती. निकालापासून पाहतच होती.

"तेच पोरगी दिसते का?"

"दिसत नाई. बोलते."

"काय म्हणते?"

"अभ्यासाचं."

सुशीलाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हळूच म्हणाली, "मंगरू पुजाऱ्याले बलवतो. तो धागा बांधून देईन. तुया बापाले नाई सांगत."

"नको, माय," नीतू म्हणाली. "तिले हाकलू नको. तिनं काई नाई केलं."

हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हेच वाक्य तिला नागपुरात म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गोंदियाला गेली. जमुनाबाई जिन्याखाली दोन बिडीवाल्या बायांशी बोलत होत्या. त्या उठून गेल्यावर नीतू समोर बसली.

"अपील करायचं आहे."

"कोणाचं?"

"माझ्याच निकालाचं."

जमुनाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. पोरगी वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "जिंकलेल्याला अपील करता येत नाही बेटा. ज्याचं नुकसान झालं तो करतो."

"तिचं झालं ना."

"तिचं झालं, बरोबर. मग तिच्या मायबापानं करावं. मुदत गेली, पण ते मी पाहीन, उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज देता येतो. नोटीस मुलीच्या नावानं आली, मुलगी नाही, घरच्यांना कोणी काही समजावून सांगितलं नाही, हे कारण चालतं." त्यांनी आवाज खाली आणला. "पण साक्षीला तू लागशील. आणि तू उभी राहिलीस की ते तुला विचारतील, तेव्हा गप्प का होतीस. तुझं प्रकरण पुन्हा उघडू शकतात. वर्ष जाऊ शकतं. वडिलांना विचारलं?"

"नाई."

"मग?"

"उघडू द्या."

जमुनाबाईंनी टेबलावरचे कागद उगाच एकावर एक सारखे केले. "मी त्या मुलीला कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझा खुलासा लिहिताना तिचं नाव लिहायला हात धजेना. मी नुसतं 'मागील आसनावरील परीक्षार्थी' लिहिलं. तेच त्यांनी निकालात उचललं. लिहिलं ते खरंच होतं. तरी मला ते आवडलं नव्हतं." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "तिच्या आईला भेटून ये. सही लागेल. चिठ्ठी देऊन कोणाला पाठवू नको, तू स्वतः जा."

धान कापणी सुरू झाली होती तेव्हा नीतू चोरखमाऱ्याकडं गेली. तलाव आता भरलेला होता, काठोकाठ, उन्हात चमकत होता. गाळ, नाल्याचं तोंड, सगळं पाण्याखाली. बसच्या खिडकीतून तिनं तो पाहिला आणि नजर वळवली. त्या सबंध वाटेत आवाज आला नाही. तेही तिला बरं वाटलं नाही. जणू रिंकी घरी आधीच पोचून बसली होती.

अंगणात जीवनलाल विळ्याला धार लावत होता. त्यानं नीतूला ओळखलं. विळा हातात घेऊन तो गोठ्याकडं निघून गेला. रिंकीची आई दुलारी ओसरीवर होती. मग तिनं बाज पुढं ओढली.

"बस."

नीतू बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगून टाकलं, कारण बसली असती तर सांगता आलं नसतं. "काकू, नागपूरले मले इचारलं, रिंकीनं पाहून लिवलं का म्हणून. तिनं नोयतं लिवलं. मले माईत होतं. मी गप राहिली."

दुलारीच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. गोठ्यातून धार लावण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"गप राहिली," दुलारी म्हणाली.

"हो."

"आता कायले आली?"

"बोलासाठी. अपील कराचं हाय. तुमची सही पायजे."

"तिच्या मेल्यावर काय होते आता त्यानं?"

आवाजाबद्दल त्या बाईला सांगणं तिला पाप वाटलं. ती नुसती म्हणाली, "कागदावर दोषी लिवलं हाय तिले."

दुलारी उठून आत गेली. नीतूला वाटलं, आता ती येणार नाही. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो नीतूच्या हातात दिला आणि खाली ओसरीवर बसली. मग नीतूकडं न बघता, समोरच्या कुंपणाशी बोलावं तशी बोलू लागली.

"सकाऱी उठली, आंघोळ केली. कागद आन् पेन्सिल घेतली. म्हणे, माय, मी नाल्याच्या तोंडाशी जाऊन येतो. आता पाणी उतरलं तं सारा गाळ दिसून राहिला, त्याचं चित्र काढतो. साहेबाले दाखवतो म्हणे, आमी हे आमच्या डोऱ्यानं पाहून लिवलं, कोणाचं पाहून नाई लिवलं. मी म्हटलं, दुपारून जाजो, तुया बापासंग. आयकली नाई. मनून गेली, माह्यासाठी भात झाकून ठेवजो."

दुलारी नीतूकडं वळली.

"जीव द्याले जाणारी पोरगी भात झाकून ठेव म्हणते का?"

नीतूनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"हे पोलिसाले नाई सांगितलं, काकू?"

"मले कोणी इचारलंच नाई. ह्यायले इचारलं. ह्यायनं मान खाली घातली." दुलारीनं गोठ्याकडं पाहिलंही नाही. "ह्यायलेही तसंच वाटते. पोरगीनं पाहून लिवलं आन् जीव देला. माह्याशी भांडणही नाई करत त्याच्यावर. नुसता गप राह्यते. तुयासारखाच."

गोठ्याच्या दारात जीवनलाल येऊन उभा राहिला होता. त्यानं सगळं ऐकलं असणार.

"कायले उकरून राहिले," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "झालं ते झालं."

"तुले झालं," दुलारी म्हणाली. "मले नाई झालं." आणि नीतूला, "कुठं कराची सही?"

निघताना नीतू तिच्या पाया पडायला वाकली तर दुलारीनं पाय मागं घेतले. आशीर्वाद दिला नाही, शापही दिला नाही. "आता बोलजो," एवढंच म्हणाली.

घरी ताराचंदला सांगायचं काम उरलं होतं. तो ऐकून आधी चिडला, मग घाबरला. "सुटली ना तू? सुटलेल्या माणसानं पुना तिथंच मान कायले द्यायची?" त्यानं दोन दिवस पोरीशी अबोला धरला. पण तिला अडवलंही नाही. आईनं पोरीची अवस्था त्याला आपल्या शब्दांत सांगितली असावी. नागपूरला मात्र तो आला नाही.

जानेवारीतली थंडी होती. अपील ऐकणारी समिती वेगळी होती: अध्यक्ष म्हणून एक वयस्क प्राध्यापक, विद्यापीठाचे एक अधिकारी आणि भूगोलाच्या एक बाई, केस बारीक कापलेल्या, शाल पांघरून बसलेल्या. जमुनाबाईंना दाराशी थांबावं लागलं. त्यांच्या शेजारी बाकावर जीवनलाल होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी दुलारीच्या मागून तोही गाडीत चढला होता.

आधी दुलारीला आत घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा पदर जागच्या जागी होता, डोळे कोरडे होते. मग नीतूला हाक आली.

आत खोली शांत होती. दोन उत्तरपत्रिका टेबलावर उघडून ठेवल्या होत्या. रिंकीचं अक्षर नीतूनं लांबूनच ओळखलं, प्रत्येक ओळ थोडी वर चढत जाणारी.

"तुम्ही आता म्हणता की तिनं पाहून लिहिलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही काहीच म्हणाला नव्हता."

"हो सर."

"का?"

"भीती वाटली. नाही म्हटलं तर मी सुटणार नाही अशी."

"आणि आता वाटत नाही?"

"वाटते, सर."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. भूगोलाच्या बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुम्ही दोघींनी हे पाठ केलं होतं म्हणता. अजून येतं?"

"येतं."

"म्हणून दाखव. घाई करू नको." त्यांनी नीतूची उत्तरपत्रिका आपल्याकडं ओढली आणि ओळीखाली बोट ठेवलं.

नीतूनं श्वास घेतला. ती वाट पाहू लागली, कारण सुरुवात रिंकीची होती आणि इतक्या महिन्यांत ती सुरुवात रिंकीनंच केली होती. आज काहीच आलं नाही. बाहेर कोणीतरी टाइप करत होतं, त्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. शेवटी नीतूनंच म्हटलं, "वेग मंदावला की नदी आपल्याबरोबर आणलेला गाळ खाली टाकते." आणि मग, आयुष्यात पुन्हा कधी म्हणणार नाही असं वाटलेलं आपलं वाक्य, "जड कण आधी बसतात, हलके कण दूरवर जातात."

मग वाटेनं पाय आपोआप पडावेत तसं होऊ लागलं. एक तिचं, एक आपलं, दोन्ही एकाच तोंडातून. पूरमैदान झालं, नैसर्गिक बांध झाले. उदाहरणाशी ती आली. "चोरखमाऱ्याच्या तलावात नाला शिरतो तिथं गाळाचा पंखा तयार होतो," रिंकीचं. "पाऊसकाळात तो पाण्याखाली असतो म्हणून दिसत नाही," आपलं.

आणि ती अडली. इथं रिंकीचं एक वाक्य होतं. ते तिला आठवेना. परीक्षेतही ते तिला आठवलं नव्हतं. तिनं तेव्हा ते सोडून पुढं उडी मारली होती, आत्ता हे कळलं. तशीच उडी आताही मारता आली असती. पण तोंड उघडेना. समितीतले तिघं तिच्याकडं पाहत होते. टाइपचा आवाज बंद झाला. खोलीत एकाएकी ओल्या गाळाचा वास आला, इतका दाट, की तिला वाटलं समोरच्यांनाही येत असणार. मानेवर थंड श्वास लागला.

"समोर," कानामागून आवाज आला. आणि नीतूला काही सुचेना तेव्हा त्या आवाजानंच, नेहमीसारखं थोडं कंटाळून, तिला सांगितलं.

नीतू ते ऐकत ऐकत बोलली. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की हा पंखा उघडा पडतो आणि पाणी कुठल्या बाजूनं आत आलं हे त्याच्या रेषांवरून ओळखता येतं."

बाईंचं बोट कागदावर थांबलं. "हे वाक्य इथं नाही," त्या म्हणाल्या.

"मी विसरली होती. ते तिचं होतं."

बाईंनी दुसरी उत्तरपत्रिका ओढली, चढत्या ओळींवरून बोट फिरवलं. मग ती अध्यक्षांकडं सरकवली. "हिच्यात आहे," त्या म्हणाल्या. "पुढं बसलेलीनं जे लिहिलंच नाही ते मागचीनं कुठून पाहिलं?"

अध्यक्ष दोन्ही पानं आळीपाळीनं पाहत राहिले. नीतूनं उरलेलं उत्तर म्हणून पूर्ण केलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मध्ये थांबणं तिला बरोबर वाटलं नाही. तिची वाक्यं तिच्या आवाजात आली. रिंकीचीही तिच्याच आवाजात आली, पण त्या प्रत्येक वाक्याच्या आधी ती क्षणभर थांबत होती. बाईंनी नंतर दाराशी जमुनाबाईंना सांगितलं म्हणे, ती मुलगी म्हणत असताना खोलीत दोघी आहेत असं वाटत होतं.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही.

यानं नीतूला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. ती गोंदियाच्या खोलीत फेऱ्या मारत एकटीच पाठ करायची आणि एका वाक्यानंतर सवयीनं थांबायची. ते थांबणं तसंच रिकामं राहायचं. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं ते होतं, आणि या वेळी कोणी मातीला जाऊ नको म्हणायलाही नव्हतं. तिनं घरमालकिणीला सांगून खोली बदलून घेतली. नव्या खोलीत दुसरी मुलगी होती, चांगली होती. तिच्यासोबत नीतूनं कधी अभ्यास केला नाही.

फेब्रुवारीत जमुनाबाईंचा फोन आला. रिंकीवरचा दोष रद्द झाला होता. तिचे गुण धरून निकाल जाहीर करावा असा आदेश होता, आणि ते गुणही त्यात दिले होते. "आणि तुला ताकीद आहे," जमुनाबाई म्हणाल्या. "पहिल्या समितीपुढं खरी गोष्ट सांगितली नाहीस म्हणून. तुझ्या फाइलला राहील ती. वर्ष गेलं नाही."

"राहू द्या," नीतू म्हणाली.

"चोरखमाऱ्याला कागद डाकेनं जाईल. तू जाणार असशील तर तसं सांग."

ती गेली. दुलारी घरी नव्हती, वावरात होती. लाखोरीची डाळ उपटणीला आली होती. बांधीत धान निघून गेल्यावर पेरलेली, आता वाळून करडी पडलेली. दुलारी उकिडवी बसून ती मुठीमुठीनं उपटत पुढं सरकत होती. जीवनलाल शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पेंढ्या बांधत होता. नीतूनं धुऱ्यावरूनच सांगितलं, मोठ्यानं, म्हणजे दोघांनाही ऐकू जावं. दुलारीचा हात थांबला नाही. तिनं एक मूठ उपटली, माती झटकली, बाजूला ठेवली. मग दुसरी.

नीतूनं चपला काढल्या आणि तिच्या शेजारच्या ओळीत बसली. शेंगा हाताला टोचत होत्या. दोघी बऱ्याच पुढं गेल्या.

"गावात अजूनही काई जण म्हणते," दुलारी एकदा म्हणाली, "का पोरगीनं जीवच देला. कागद आला तरी तेच म्हणतीन."

"तुमाले काय वाटते, काकू?"

"दिवसा वाटते, पाय फसला," दुलारी म्हणाली. तिनं पुढचं सांगितलं नाही.

ऊन वर आलं. दूरवर तलावाचं पाणी पुन्हा हळूहळू मागं सरायला लागलं होतं. काठानं ओल्या मातीचा एक पट्टा दिसत होता. जीवनलाल धुऱ्यावरून उतरून त्यांच्याकडं आला. हातात पेंढीचा बंद तसाच होता. तो नीतूसमोर येऊन उभा राहिला, आणि ती घाबरून उठली.

"किती टक्के पडले?" त्यानं विचारलं.

नीतूला आधी कळलंच नाही तो कोणाबद्दल विचारतोय.

"एकसष्ट," ती म्हणाली. "फस्ट क्लास."

"एकसष्ट," जीवनलाल म्हणाला. त्यानं तो आकडा पुन्हा एकदा तोंडातल्या तोंडात म्हटला. त्याला अजून काही विचारायचं असावं, ओठ हलले. मग तो खाली वाकला, त्या दोघींनी उपटून ठेवलेल्या मुठी गोळा केल्या आणि बांधू लागला. बंद दोनदा सुटला. तिसऱ्यांदा दुलारीनं जागेवरूनच हात पुढं करून पेंढी दाबून धरली, तेव्हा त्यानं गाठ मारली.